सोळा खांबांचा सभामंडप : दक्षिण कोकणातील एका ग्रामदेवळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यात, खाडीच्या मुखापासून थोडे आत असलेल्या एका गावातले हे प्रकरण आहे. गाव, देव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. कामाचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

देऊळ ग्रामदेवतेचे. गाभारा जांभ्याच्या चिऱ्यांचा, त्यापुढे ९.२ बाय ८.१ मीटरचा लाकडी सभामंडप आणि तिन्ही बाजूंनी पडवी. मंडपात चाराच्या चार ओळींत सोळा खांब. प्रत्येक खांब फणसाचा, २४ सेंटिमीटर चौरस, जांभ्याच्या तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा. वर हस्त, म्हणजे तुळई पेलणारे कोरीव लाकडी आधार, हस्तांवर तुळया, तुळयांवर वासे, रिपा आणि मंगलोरी कौले. खांबांमुळे छताचे नऊ खण पडतात आणि प्रत्येक खणात तक्तपोशीच्या, म्हणजे छताखाली ठोकलेल्या फळ्यांच्या, तीन चौकटी बसवलेल्या आहेत. अशा सत्तावीस चौकटी, सगळ्या रंगवलेल्या. दिव्यांच्या काजळीने त्या इतक्या काळवंडल्या होत्या की गावातल्या पन्नाशीखालच्या बहुतेकांनी त्यांतली चित्रे कधी नीट पाहिलीच नव्हती.

देऊळ राज्य किंवा केंद्र संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. म्हणजे पाडायचे की ठेवायचे हा निर्णय गावाच्या देवस्थान समितीचा, आणि व्यवहारात मानकऱ्यांचा व मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा. वर्गणीतला मोठा वाटा मुंबईकरांचा असल्याने त्यांचे मत वजनदार असते. कोकणात हे कुणाला समजावून सांगायला नको.

प्रश्न कसा उभा राहिला

एका पावसाळ्यानंतर ईशान्येकडचा एक खांब तळाशी दबल्याचे लक्षात आले. त्याच्यावरची तुळई दोन बोटे खाली आली होती. समितीने एका स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून घेतली. दीड पानाच्या अहवालाचा सूर एकच होता : लाकूड जुने झाले, वाळवी लागली, मंडप धोकादायक, उतरवून आर.सी.सी. करावा. सोबत एक नकाशा होता, मधे एकही खांब नसलेल्या मोकळ्या मंडपाचा. मुंबईकरांना तो पसंत पडला. खांब आड येतात, मागच्याला पूजा दिसत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती आणि ती खोटीही नव्हती. पुढच्या जत्रेनंतर मंडप उतरवायचा असे जवळजवळ ठरले. जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन कोरीव हस्तांचा आणि चौकटींचा भावही सांगून गेला.

त्याच वेळी गावातल्या एका शिक्षकाने तक्तपोशीचे मोबाइलवर काढलेले चार फोटो एका अभ्यासगटाकडे पाठवले. गटात सात जण होते : छायाचित्रकार, वास्तुरेखाटनाचे दोन विद्यार्थी, चित्रकलेच्या इतिहासाची अभ्यासक, लाकूडतज्ज्ञ, मोडीवाचक आणि लोककलांचा अभ्यासक. समितीने अकरा महिने दिले. विनंतीही स्पष्ट होती : मोडण्याआधी सगळ्याची नोंद करून ठेवा. वाचवा असे कोणीही म्हटले नव्हते. गटाने पुढे काय केले ते पाहताना हे विसरून चालणार नाही.

पहिली फेरी : कॅमेरा, आणि क्रमांकांचा घोळ

पहिली भेट पौषात झाली. जत्रा त्याआधी कार्तिकातच होऊन गेली होती. ही चूक त्या वेळी कुणाला चूक वाटली नाही. रिकामा मंडप चित्रीकरणाला सोयीचा म्हणून सगळे खूशच होते.

तक्तपोशी जमिनीपासून ३.१ मीटरवर. कॅमेरा तिपाईवर सरळ वर रोखून, ५० मिलिमीटरच्या लेन्सने, प्रत्येक चौकट मधोमध धरून टिपायची. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. चौकटीच्या कडेला रंगपट्टी आणि मोजपट्टी. पहिल्या दिवसाचे सगळे फोटो टाकून द्यावे लागले. मंडपातल्या ट्यूबलाइट चालू राहिल्या होत्या, शिवाय गाभाऱ्यातल्या समईचा पिवळा उजेड तीन चौकटींवर पडत होता. एकाच फोटोत तीन प्रकारचा उजेड आला की निळा कुठे हिरवट दिसतो, कुठे राखाडी, आणि नंतर संगणकावर ते सुधारत नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्यूबलाइट बंद, पडवीच्या बाजूला काळे कापड, आणि समई विझवायची नाही म्हणून तिच्यापुढे आडोसा. गुरवांनी त्याला हरकत घेतली नाही. समई विझवायला सांगितले असते तर काम तिथेच थांबले असते.

जुन्या रोगणाची चकाकी ही दुसरी अडचण. दिव्यांवर ध्रुवीकरणाची फिल्म आणि लेन्सवर तसाच फिल्टर आडवा फिरवून लावला की ती नाहीशी होते आणि काजळीखालचा रंग दिसू लागतो. तिसरा प्रकार तिरप्या उजेडाचा. दिवा तक्तपोशीला जवळजवळ समांतर धरला की उचललेले पापुद्रे, खिळ्यांची डोकी आणि आधी कोरलेल्या रेषा सावल्यांसकट उठून दिसतात. पुढे दुरुस्तीच्या वेळी उपयोग झाला तो याच तिरप्या उजेडातल्या फोटोंचा. प्रदर्शनाला लावलेले सुंदर रंगीत फोटो तेव्हा कुणी उघडलेही नाहीत.

मोठा घोळ क्रमांकांचा झाला. रेखाटनवाल्यांनी चौकटी ईशान्येकडून मोजल्या, छायाचित्रकाराने प्रवेशद्वारापासून. दोघांच्याही याद्या १ ते २७ अशाच, त्यामुळे महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. ‘चौकट ११’ एका यादीत समुद्रमंथन होती, दुसऱ्या यादीत गलबत. नऊ खणांपैकी एकच खण दोन्ही याद्यांत जुळत होता, तो मधला. फोटो, रेखाटन आणि मुलाखतीतले उल्लेख पुन्हा जुळवण्यात चार दिवस गेले. त्यानंतर आकडे सोडून खांबांवरून खण ओळखायचे ठरले आणि प्रत्येक चौकटीजवळच्या खिळ्याला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधली. चिकटपट्टी वापरली नाही, कारण ती काढताना रंगही घेऊन येते.

चित्रांत काय आहे

पहिल्या यादीत दोन चौकटींची ओळख चुकली. एका चौकटीतल्या काळ्या वेशातल्या आकृतीला ‘यमदूत’ म्हटले होते. चैत्रातल्या दुसऱ्या भेटीत गावातल्या एका वृद्ध दशावतारी नटाला फोटो दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, “ह्यो संकासुर. बाजूचे बघा, गणपती, सरस्वती. आडदशावतारच आसा ह्यो.” खेळाच्या पूर्वरंगात, म्हणजेच आडदशावतारात, पात्रे ज्या क्रमाने मंडपात येतात, जवळपास त्याच क्रमाने पहिल्या खणांतल्या चौकटी लावलेल्या होत्या. पुराणातला क्रम धरून बसलेल्या अभ्यासकाला त्या विस्कळीत वाटत होत्या.

दुसरी चूक विठ्ठलाची. कटेवर हात ठेवलेली मूर्ती ‘स्वतंत्र विठ्ठल’ म्हणून नोंदली गेली. ती होती दहा अवतारांच्या ओळीत नवव्या जागी. जुन्या मराठी पंचांगांत आणि छापचित्रांत नवव्या, म्हणजे बौद्ध अवताराच्या जागी विठ्ठल काढण्याची पद्धत होती. इथेही तीच होती. अवतारांच्या चौकटींच्या कोपऱ्यांत लहान चिन्हे होती : परशुरामाजवळ परशू, वामनाजवळ कमंडलू. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात आणि रंग अशाच चिन्हांवरून ओळखतात. काठावरची वेलबुट्टीही लाखकामाच्या वळणाची होती. चितारी सावंतवाडीकडचा असावा असा कयास त्यावरून बांधला गेला.

वय ठरवणे आणि त्याचा उलटा परिणाम

गावाचा दावा होता की मंडप शिवकालीन आहे. एका तरुणाने कौलावरचा ‘१८६५’ हा छाप दाखवून निदान तेवढा तरी जुना असल्याचे सांगितले. त्या छापाला अनेक जण फसतात. १८६५ हे बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे वर्ष. पुढे कितीतरी वर्षे निघालेल्या कौलांवर ते उमटत राहिले. त्यावरून एवढेच कळते की ही कौले त्यानंतरची आहेत. शिवाय कौले बदलता येतात. ती मंडपाचे वय सांगतीलच असे नाही.

म्हणून रंग तपासले. आधीच सुटलेल्या पापुद्र्यांचे मोहरीएवढे सहा नमुने घेतले. नवा ओरखडा कुठेही काढला नाही. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राला निळ्यात ना तांबे सापडले ना कोबाल्ट. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्याचे कण बारीक, गोलसर आणि एकाच मापाचे दिसले. हा कृत्रिम अल्ट्रामरीन. तो १८२८ नंतरच बनू लागला आणि कपड्यांना घालायची जुनी नीळही त्याचीच. लाजवर्द दगड कुटून केलेल्या निळ्याचे कण कोनेदार आणि लहानमोठे असतात. हिरव्यात तांबे आणि आर्सेनिक दोन्ही सापडले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला सोमलाचा हिरवा. तीन चौकटींच्या पांढऱ्यात टायटॅनियम होते. तो पांढरा १९२० च्या आसपासपासून बाजारात आला, म्हणून त्या तीन चौकटी नंतर कधीतरी पुन्हा रंगवलेल्या असणार.

हिरव्याचा निष्कर्ष लगेच कामाचा ठरला. जुना रंग पॉलिशपेपरने घासून काढायचा बेत एका रंगाऱ्याने समितीला सुचवला होता. सोमलाचा रंग घासला की त्याची विषारी पूड श्वासावाटे शरीरात जाते. ती सूचना त्याच दिवशी मागे पडली.

मग एका मानकऱ्याच्या घरी, भाताच्या कणगीमागच्या पेटीत, मोडीतला एक खर्डा मिळाला. शके १८१३, म्हणजे १८९१-९२. सुताराची मजुरी, ‘चितारी यांस’ दिलेले रुपये आणि भात, फणसाच्या सोटांची वाहतूक, तेल, लाख असा सगळा खर्च त्यात होता. रंगांचे पुरावे आणि खर्डा एकमेकांशी जुळले.

दसऱ्याच्या सुमारास अहवाल समितीला दिला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते : मंडप १८९१-९२ चा. शास्त्र म्हणून हे बरोबर होते. गावात त्याचा अर्थ वेगळा लागला. शिवकालीन नाही, पणजोबांच्या वेळचा आहे, मग एवढा खर्च कशाला? जे दोन-तीन मानकरी मंडप राखण्याच्या बाजूने होते त्यांचीही बोलती बंद झाली. वय कमी ठरले की किंमत कमी ठरते हे गटाच्या ध्यानात यायला हवे होते. १८९१ सालची तारीख, कारागिरांची मजुरी आणि लाकडाच्या हिशेबासकट एखाद्या गावच्या मंडपाची जन्मकथा कागदावर सापडते, ही खरी दुर्मीळ गोष्ट अकराव्या पानावर छोट्या अक्षरांत गेली होती.

कुजण्याचे खरे कारण

लाकूडतज्ज्ञाने सोळाही खांबांची आर्द्रता दोन उंचींवर मोजली, तळाशी आणि दीड मीटरवर. चैत्रात तळाशी सरासरी २२ टक्के, वर १३. श्रावणात तळाशी २८, वर १७. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल सतत राहिली की बुरशी धरते. कौले गळत असती तर वरचे आकडे चढले असते. ओल खालून येत होती.

कारण पायाखालीच होते. मागे कधीतरी मंडपात चकचकीत फरश्या बसवल्या होत्या. त्यासाठी जमीन ९ सेंटिमीटर उचलली, सिमेंटचा थर घातला आणि तळखडे त्यात बुडाले. तळखडा ओल वर चढू देत नाही आणि खांबाचा बूड हवेशीर ठेवतो. त्याचे काम तेवढेच. ते बुडाल्यावर खांबाचा आडवा कापलेला बूड थेट ओल्या सिमेंटमध्ये उभा राहिला. फरशीखालची ओल इतरत्र कुठून निघणार? ती खांबांतून वर निघाली. वाळवी त्यानंतर आली. टोच्याने टोचून पाहिल्यावर सोळापैकी दहा खांब ठणठणीत निघाले, पाच तळापासून ३० ते ४५ सेंटिमीटर कुजलेले, आणि ईशान्येकडचा एक आतून पूर्ण पोकळ. म्हणजे १३० वर्षांत लाकडाने दगा दिला नव्हता; दगा फरशीने दिला होता.

जत्रेच्या रात्री काढलेला नकाशा

कार्तिकात जत्रा आली. रेखाटन करणाऱ्या दोघांनी मंडपाचा आराखडा ट्रेसिंगवर तयार ठेवला होता. रात्रभर त्यांनी त्यावर माणसे मांडली : पालखी कुठून फिरते, तरंग (देवाचे प्रतीक म्हणून मिरवले जाणारे, वस्त्रांनी सजवलेले दंड) कुठे टेकतात, कोण कुठल्या खांबाला पाठ लावून बसते, ओटी भरायला बायका कुठून येतात, पडवीत कोण उभे राहते.

सकाळी नकाशा पाहिला तर सोळा खांबांपैकी बारांना नाव होते. मधल्या चारांपैकी दोन तरंगांचे. बाकीचे दहा गावकर, गुरव, सुतार आणि इतर मानकऱ्यांच्या घराण्यांचे. कुणी कुठे बसायचे हे गावात कुठेही लिहिलेले नव्हते, ते खांबांवरून ठरत होते. मोकळ्या आर.सी.सी. मंडपात ही व्यवस्था ठेवायला जागाच नव्हती.

हा नकाशा मार्गशीर्षातल्या सभेत भिंतीवर लावला. तोपर्यंत गप्प असलेल्या एका ज्येष्ठ मानकऱ्यांनी उठून काठीने आपला खांब दाखवला आणि विचारले, “खांबच काडलास तर आमी बसाचा खंय?” सभेचा रोख तिथे फिरला. रंगांची चाचणी आणि मोडीचा खर्डा यांनी झाले नव्हते ते एका आराखड्याने झाले.

नकाशाची दुसरी बाजूही होती. त्यात ज्यांना खांब नाही अशी माणसे तितकीच स्पष्ट दिसत होती. बायकांना एकही खांब नव्हता. पडवीबाहेर, पायरीखाली उभ्या राहणाऱ्या वाडीतली माणसे नकाशाच्या कडेला ठिपके बनून आली होती. त्या वाडीतल्या एका तरुणाने सभेनंतर नकाशाचा फोटो काढला आणि निघून गेला. वारसा म्हणून जे राखायचे म्हणतो त्यात हेही आहे. ते अहवालातून गाळणे अप्रामाणिक झाले असते. गटाने ते गाळले नाही. त्यावर काही भाष्यही केले नाही, आणि याबद्दल गटात आजही मतभेद आहेत.

पर्याय

सभेपुढे चार मार्ग होते. पहिला, मंडप उतरवून आर.सी.सी. दुसरा, मंडप उतरवायचा पण चौकटी काढून आवारातल्या एका खोलीत मांडायच्या. हा मधला मार्ग बऱ्याच जणांना शहाणपणाचा वाटला. त्यातले धोके दोन : खिळे उपटताना फणसाच्या फळ्या चिरतात, आणि वर पाहायची चित्रे डोळ्यांसमोर आणली की आडदशावताराचा क्रम मोडतो. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी चित्रे, तशीच इमारतीपासून सुटी केलेली तेवढी जुनी वस्तू, पुरावशेष ठरते. मग व्यापाऱ्याला विकणे ही गावाची खाजगी बाब राहत नाही. हे कळल्यावर व्यापाऱ्याचे येणे थांबले. तिसरा मार्ग जागेवर दुरुस्तीचा. पण त्यात मुंबईकरांच्या गर्दीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. चौथा, मंडप जागेवर दुरुस्त करायचा आणि दशावतार व महाप्रसादासाठी आवारात वेगळी उघडी शेड उभारायची.

चौथा ठरला. दुरुस्ती आणि शेड मिळून खर्च आर.सी.सी.च्या अंदाजाच्या साधारण तीन चतुर्थांश येत होता, याचाही वाटा होता. नंतर देवाला कौल लावला गेला. गाऱ्हाण्यात काय विचारायचे यावर मानकऱ्यांत बराच वेळ चर्चा झाली. आधीची भाषा मंडप मोडण्याची परवानगी मागणारी होती, ती बदलून खांब राखून काम करण्याची झाली. ‘व्हय म्हाराजा’ झाले, कौल उजवा पडला. गटाने शब्दयोजनेत भाग घेतला नाही. तो त्यांचा अधिकार नव्हता.

प्रत्यक्ष काम

पौष ते वैशाख, मिरगाआधी संपवायचे. आधी प्रत्येक खांबाभोवती ४५ सेंटिमीटर रुंदीची फरशी काढून तळखडे उघडे केले. मधली फरशी तशीच राहिली. ती काढायला गाव तयार नव्हते. खड्ड्यात सिमेंट न भरता जांभ्याचे तुकडे आणि चुना बसवला.

कुजलेल्या पाच खांबांसाठी शेजारी लोखंडी टेकू देऊन जॅकने तुळई उचलायची, कूज संपल्यावर वर आणखी हातभर निरोगी लाकूड सोडून खांब कापायचा आणि मुरलेल्या फणसाचा नवा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या रुंदीच्या तिप्पट, म्हणजे ७२ सेंटिमीटर. सांध्यात लाकडी खुंट्या, बूड आणि तळखडा यांच्यामध्ये शिशाचा पत्रा. नव्या लाकडाची आर्द्रता १४ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय सुतारांनी हात लावायचा नाही असे ठरले होते. वखारीतून आलेले पहिले लाकूड १९ टक्क्यांचे निघाले आणि परत गेले.

पहिल्याच खांबाला अपघात झाला. तुळई एका दमात १० मिलिमीटर उचलली गेली. चौकटीच्या फळ्या तुळईला खिळलेल्या आहेत हे तिरप्या उजेडातल्या फोटोंत दिसत होते, पण ते फोटो सुतारांना दाखवलेच नव्हते. समुद्रमंथनाची फळी तडकली आणि वासुकीच्या अंगावरचा नखाएवढा रंग खाली पडला. काम थांबले. त्यानंतर दिवसाला चार मिलिमीटरपेक्षा जास्त उचलायचे नाही, आणि उचलण्याआधी वरच्या चौकटींना जपानी टिश्यूचे आवरण. ओल्या कापसाच्या बोळ्याने निळा सुटत होता, म्हणून पाण्यातले चिकट बाद. ॲसिटोनमधला पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक चिकट) पातळ करून वापरला, तोही आधी कोपऱ्यात पाहून. खाली पडलेला तुकडा डबीत ठेवला होता. तो शेवटी जागेवर बसला. तडा मात्र दिसतो.

काजळी मऊ ब्रशाने आणि कोरड्या रबरी स्पंजने काढली. खोबरेल तेलाचा हात फिरवा, असे गावातून दोघांनी सुचवले. तेलाने चार महिने झळाळी येते आणि मग त्याच तेलावर काजळी दुपटीने बसते. सगळी काजळी काढलीही नाही. समईजवळच्या तीन चौकटींत तिच्याखालचा रंग सैल होता.

निष्पत्ती

सत्तावीसही चौकटी जागेवर आहेत. दहा खांब मूळ, पाच सांधलेले, ईशान्येकडचा नवा. पुढच्या श्रावणात सांधलेल्या खांबांच्या तळाशी आर्द्रता १७ ते १९ टक्के आली, म्हणजे मर्यादेच्या आत पण फार आत नाही. पश्चिमेकडच्या पन्हाळीतून एक गळती निघाली आणि वामनाच्या चौकटीवर डाग पडला. शेड उभी राहिली. दशावतार आता तिथे होतो. आडदशावताराच्या चित्रांखाली आडदशावतार होत नाही.

अनपेक्षित त्रास नकाशाने दिला. दक्षिणेकडच्या एका खांबावर एकाच भावकीतल्या दोन घरांचा जुना वाद होता. त्यातल्या एका घराने गटाकडे सही-शिक्क्यासह नकाशाची प्रत मागितली. उद्देश उघड होता. कोकणात मानपानाच्या वादात देवळे कुलूपबंद झालेली आहेत. गटाने प्रत दिली नाही. नकाशावर ‘अमुक रात्री जसे दिसले तसे, हक्काचा पुरावा नव्हे’ अशी ओळ घातली, नावे काढून एक आवृत्ती मंडपात लावली आणि नावांची आवृत्ती समितीच्या पेटीत ठेवली. मागणाऱ्या घराने दोन वर्षे बोलणे टाकले.

वेगळे काय करता आले असते

पहिली भेट जत्रेत व्हायला हवी होती. फोटो कधीही काढता येतात; माणसे वर्षातून एकदाच आपापल्या खांबाला बसतात. हा नकाशा अकरा महिने आधी हाती असता तर दसऱ्याच्या अहवालाचे पहिले पान वेगळे झाले असते.

टोच्या आणि आर्द्रतामापक पहिल्याच दिवशी बाहेर काढायला हवा होता. इमारतीला धोका आहे का, आणि कशामुळे, याचे उत्तर अर्ध्या दिवसात मिळते. ते मिळाले असते तर ‘धोकादायक’ हा शब्द गावात वर्षभर फिरला नसता.

नकाशा कुणाचा, प्रत कुणाला, नावे छापायची की नाही, हे तो काढण्याआधी समितीशी लेखी ठरवायला हवे होते. छायाचित्रांबाबत तसा करार झाला होता. आराखडा हा तांत्रिक कागद समजून त्याच्याबाबत कुणी विचारच केला नाही, आणि वादात सापडला तो आराखडाच.

सुतारांना फोटो दाखवायचे राहिले, ही सगळ्यात स्वस्तात टळली असती अशी चूक. तक्तपोशीचे तिरप्या उजेडातले फोटो मोठ्या आकारात छापून, खिळ्यांच्या जागा लाल शाईने दाखवून, कामाच्या जागी टांगायला तीनशे रुपये लागले असते. अपघातानंतर ते टांगले. मिस्त्रींनी पाच मिनिटे ते पाहिले आणि विचारले की हे आधी कुठे होते.